राणीबाग: झाडं बघायला कोण कोण जातं?

सावलीवेडी

राणीच्या बागेत जाऊन आले असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "पेंग्विन बघितलेस का?" पूर्वी हाच प्रश्न हत्तीबद्दल असायचा. वाघ-सिंहांबद्दल असायचा. झाडांबद्दल कोणी म्हणजे कोणी विचारत नाही. म्हणून हा धागा काढतेय.

माझं माहेर माझगावचं. बाग चालत जाण्याच्या अंतरावर. लहानपणी आजोबांचं बोट धरून, शाळेत असताना मैत्रिणींबरोबर, कॉलेजात असताना पुस्तक घेऊन एकटीच, आणि आता लग्नानंतर ठाण्याला राहते तरी भायखळ्याला उतरायचं निमित्त मी शोधतच असते. आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टींवरचं प्रेम कमी-जास्त झालं, हिच्यावरचं वाढतच गेलं. लहान होते तेव्हा प्राण्यांसाठी जायचे, हे खरं. झाडं कधी दिसायला लागली ते नेमकं सांगता येणार नाही. पण एकदा दिसायला लागल्यावर दुसरं काही बघायची गरज उरली नाही.

मुळात ही बाग झाडांसाठीच झाली हे फार जणांना माहीत नसतं. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेची आधी शिवडीला बाग होती. ती जागा गोऱ्यांच्या दफनभूमीसाठी गेली आणि भायखळ्याला नवी बाग उभी राहिली. १९ नोव्हेंबर १८६२ ला लेडी फ्रियर, म्हणजे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या पत्नी, यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. व्हिक्टोरिया गार्डन्स हे नाव, त्यावरून लोकांच्या तोंडी राणीची बाग. १८७३ मध्ये ती नगरपालिकेकडे आली आणि प्राणीसंग्रहालयाची जोड मिळाली ती थेट १८९० मध्ये. आधी झाडं, मग प्राणी. आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाच्या पूर्ण नावातही "वनस्पती उद्यान" आधी येतं आणि "प्राणीसंग्रहालय" नंतर.

परदेशातली झाडं मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत तगतात का, कुठली उपयोगी पडतील, हे लावून बघणं हा अशा संस्थांचा एक उद्देश असायचा. म्हणून तर एका फेरीत आफ्रिकेची गोरखचिंच, मादागास्करचा कोल्व्हिलिया, दक्षिण अमेरिकेचा कैलासपती आणि ब्रह्मदेशातली उर्वशी अशी सगळी मंडळी भेटतात. आणि त्यांच्या शेजारी आपले वड, पिंपळ, ताम्हण, सीता-अशोक.

उर्वशीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझा जीव तिच्यात अडकलाय. तिच्या फुलांचे फोटो सगळे काढतात. तांबडी, टोकाला पिवळा ठिपका असलेली फुलं लांब देठावर उलटी लोंबत असतात, अप्रतिम दिसतात. पण मला आवडते ती तिची कोवळी पालवी. नवी पानं फुटतात तेव्हा हिरवी नसतात. तांबूस-तपकिरी रंगाचा अख्खा झुपका ओल्या फडक्यासारखा फांदीवरून खाली लोंबत असतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं झाड आजारी आहे, पानं मेली. हात लावला तर इतकी मऊ की बोटांना काही लागतच नाही. काही दिवसांनी परत जावं तर तीच पानं हिरवी होऊन, ताठ होऊन, आडवी पसरलेली. हे मी दरवर्षी बघते आणि दरवर्षी तितकीच हरखते.

तर मंडळी, राणीबागेतलं तुमचं झाड कुठलं? तुमचा कोपरा कुठला? मोकळेपणाने लिहा. आठवणी लांबल्या तरी चालतील.

---

लालबागकर

ताई, धागा काढलात, बरं वाटलं. आमच्यासारख्यांसाठी राणीबाग म्हणजे काय होतं ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आम्ही चाळीतले. एक खोली, माणसं नऊ. वडील गिरणीत साच्यावर. खोलीत पाय पसरायचे तरी पाळीनं. ज्याची रात्रपाळी असेल तो दिवसा झोपणार, म्हणून आम्हा पोरांनी दिवसा आवाज करायचा नाही. गिरणगावातल्या कित्येक घरांत हेच होतं. मोठ्यानं ओरडता येईल, पळता येईल, अंग टाकून आडवं होता येईल अशी आमच्या वाट्याची जागा म्हणजे राणीबाग. रविवारी आई भाकऱ्या बांधून घ्यायची आणि आम्ही चिंचपोकळीवरून चालत जायचो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत. पहिले काही महिने सगळे उत्साहात होते. मग तो उत्साह ओसरत गेला. वडील घरात बसायला तयार नसत. कामावर जायच्या वेळेला उठायचे, दाढी करायचे, कपडे घालायचे. जायचं मात्र कुठे? मग सुट्टीच्या दिवशी मला नि धाकट्या बहिणीला घेऊन बागेत. तिथे एका मोठ्या पर्जन्यवृक्षाखाली बसायचे. आम्ही खेळायचो. ते बिडी ओढत वर बघत राहायचे. त्याच झाडाखाली त्यांच्यासारखे आणखी लोक बसलेले असत, कुठल्या कुठल्या खात्यातले. संपाबद्दल बोलणं व्हायचं, पण थोडंच. त्या झाडानं माझ्या बापाला तो काळ काढायला मदत केली असं मी मानतो. हे कुणाला भाबडं वाटलं तर वाटू दे.

संध्याकाळी त्या झाडाची पानं मिटायची. बहीण म्हणायची, झाड झोपलं, चला. ती आमची घरी निघायची वेळ.

वडील आता नाहीत. मी अजून जातो. तेच झाड कुठलं ते खात्रीनं सांगता येत नाही, आजूबाजूचं सगळं बदललंय. मग जो पर्जन्यवृक्ष समोर येईल त्याच्याखाली बसतो.

---

पानगळ

लालबागकर, वाचून थांबलो. शब्द नाहीत.

वनस्पतीशास्त्र शिकवण्यात नोकरी गेली. विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी मी इथेच आणायचो. प्रयोगशाळेत वाळलेला नमुना दाखवून जे चार तासांत कळत नाही ते इथे वीस मिनिटांत कळतं. काही गोष्टी नमूद करतो, जाणाऱ्यांना उपयोगी पडतील.

कैलासपती: फुलं फांदीच्या टोकाला न येता थेट खोडावर येतात. खोडातून जाडजूड दांडे निघतात आणि त्यावर फुलं. फूल हातात घेऊन नीट बघा (खाली पडलेलं घ्या, तोडू नका). पुंकेसरांचा एक भाग वळून नागाच्या फणीसारखा मधोमध झुकलेला असतो. त्याखाली जे दिसतं त्याला लोक पिंड म्हणतात. त्यावरूनच आपल्याकडे हे नाव पडलं, पण झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. फळं तोफगोळ्याएवढी असतात, त्यामुळे झाडाखाली उभं राहताना वर नजर ठेवा. फुलांचा वास सुरेख, पिकून फुटलेल्या फळाचा मात्र नकोसा.

कृष्णवड: आपल्या वडाचाच एक प्रकार, पण पान बुडाशी दुमडून द्रोण झालेला असतो. कृष्णाने लोणी लपवायला पान दुमडलं अशी कथा आहे. विद्यार्थ्यांना मी कथा आधी सांगायचो आणि शास्त्र नंतर. कथा ऐकलेला विद्यार्थी ते झाड कधी विसरत नाही.

अशोक: आपल्या सोसायट्यांच्या कुंपणाला जे उंच, सरळसोट, लांब पानांचं झाड असतं त्याला सगळे अशोक म्हणतात. तो आसोपालव. खरा सीता-अशोक बुटका, डेरेदार, फुलं केशरी-तांबड्या गुच्छांची. फेब्रुवारी-मार्चमध्ये बहरतो. मुंबईत वाढलेल्या कित्येक मुलांनी खरा अशोक पहिल्यांदा इथे पाहिला, माझ्या वर्गातल्या तर बहुतेकांनी.

आणि सावलीवेडी, तुम्ही लिहिलेल्या लोंबत्या पालवीबद्दल. सीता-अशोक आणि ब्राउनिया या उर्वशीच्या नातलग झाडांमध्येही ती दिसते. कोवळ्या पानात हरितद्रव्य उशिरा भरतं. त्यामागे किडीला कमी पोषण मिळावं, कडक उन्हाचा आणि पावसाचा मार चुकावा अशी कारणं मांडली जातात. तुम्ही ते स्वतःच्या डोळ्यांनी टिपलंत याचं कौतुक वाटतं. पुढील लेखनास शुभेच्छा.

---

काजळी

वाचनखूण साठवली. आसोपालवचं मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या कॉम्प्लेक्सच्या मागे रांग आहे त्याची, आणि लहानपणापासून अशोकच म्हणतेय.

मी शाळेच्या सहलीनंतर गेले ती एकदम भाचीला पेंग्विन दाखवायलाच. रांग, गर्दी, कडेवर पोर. झाडं होती एवढंच आठवतंय, कारण रांगेत ऊन लागत नव्हतं.

---

जुनाघड्याळ

मी भायखळ्याचाच. माझा कोपरा दारातला. डेव्हिड ससून यांच्या नावाचा घड्याळाचा मनोरा आणि त्यामागचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. हे संग्रहालय २ मे १८७२ ला लोकांसाठी उघडलं तेव्हा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं. १९७५ मध्ये भाऊ दाजींचं नाव दिलं गेलं. ते योग्यच झालं. भाऊ दाजी, नाना शंकरशेट, जॉर्ज बर्डवुड या मंडळींनी त्यासाठी पैसा उभा करण्यापासून खटपट केली होती. भाऊ दाजी पेशाने डॉक्टर, छंदाने प्राचीन लेख वाचणारे आणि दोनदा मुंबईचे शेरीफ.

माझ्या लहानपणी आतली अवस्था बघवत नव्हती. २००३ मध्ये महापालिका, इंटॅक (वारसा जपणारी संस्था) आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार होऊन जीर्णोद्धार सुरू झाला. २००५ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये दारं पुन्हा उघडली. छताची सोनेरी नक्षी परत झळकताना पाहिली तेव्हा मी चक्क रडलो होतो. मातीच्या छोट्या बाहुल्यांमधून त्या काळच्या मुंबईतल्या लोकांचे पेहराव, धंदे दाखवलेत. मुलांना तासभर सहज रमवतात.

पण खरी गोष्ट सांगायची आहे ती बाहेरच्या दगडी हत्तीची. त्याच्यापाशी फोटो काढून लोक निघून जातात. हा हत्ती घारापुरीचा. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं, तोच हा. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना क्रेन मोडली, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे पुढे इथे आणले आणि १९१४ मध्ये जोडून तो उभा केला. जवळ जाऊन बघितलं तर सांधे दिसतात. माझ्या आईने मला ते सांधे हात धरून दाखवले होते. मी माझ्या मुलीला दाखवले.

काळा घोडाही इथेच आहे. फोर्टातल्या ज्या चौकाला काळा घोडा म्हणतात, तिथला मूळ पुतळा १९६५ मध्ये हलवला तो इथे आणला. सातवा एडवर्ड युवराज असतानाचा, बोएम या शिल्पकाराने घडवलेला, आल्बर्ट ससून यांनी शहराला दिलेला. चौकात २०१७ पासून जो घोडा आहे तो नवा, त्याच्यावर स्वार नाही. शहराला जे कुठे ठेवावं कळत नव्हतं ते या बागेनं ठेवून घेतलं. मला ही तिची सर्वात मोठी गोष्ट वाटते.

---

मुक्तछंद

सगळ्यांच्या आठवणी सुंदर आहेत, तरी वेगळं मत नोंदवतो. मला या बागेत जाणं जमत नाही. लहानपणी सिंह बघितला होता. गजाआड, सिमेंटच्या फरशीवर, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, परत पहिल्या कोपऱ्यापर्यंत. थांबतच नव्हता. लोक खडे मारत होते, हसत होते. त्या काळी देशभर प्राणीसंग्रहालयं अशीच होती, एका बागेला दोष देत नाही. पण ते चित्र पुसलं जात नाही. थंड समुद्राकाठचे पेंग्विन मुंबईत वातानुकूलित खोलीत का ठेवायचे, हेही मला पटत नाही.

---

सावलीवेडी

मुक्तछंद, तुम्ही हे लिहिलंत ते बरं केलंत. मलाही तो सिंह आठवतो. तुमचं दुःख मला परकं नाही.

मी एवढंच म्हणेन की आता पिंजरे जाऊन बरीच मोठी, मोकळी, झाडीची आवारं झाली आहेत. आजची मुलं जे बघतात ते आपण बघितलं त्यापेक्षा खूप बरं आहे. तरी वाघाला शहराच्या मध्यात ठेवावं का, या प्रश्नाचं उत्तर मोठं आवार बांधून मिळत नाही, हे मला मान्य आहे. पेंग्विनबद्दल मी तुमच्याच बाजूची. माझ्या मते या जागेची ओळख झाडांवर उभी राहावी. प्राणी बघायला येणारी गर्दी जितकी वाढते तितकी झाडांच्या मुळांशी जागा कमी होते.

एकदा सकाळी माझ्याबरोबर या. प्राण्यांच्या बाजूला न जाताही तीन तास जातात. मनापासून बोलावतेय.

---

पानगळ

मुळांचा मुद्दा निघालाच आहे तर लिहितो. २००७ च्या सुमारास प्राणीसंग्रहालयाच्या नूतनीकरणाचा काहीशे कोटींचा आराखडा पुढे आला तेव्हा झाडांचं काय होणार या काळजीने काही नागरिक एकत्र आले. सेव्ह राणीबाग या नावाने ती चळवळ ओळखली जाते. त्यात पुढाकार होता बायकांचा. त्यांनी झाड न् झाड नोंदवलं. तीन हजारांच्या वर झाडं, अडीचशेहून जास्त जाती. नुसती घोषणा देऊन भागलं नसतं, यादी हातात होती म्हणून बोलता आलं. आराखडा मूळ रूपात पुढे गेला नाही, नंतर बदलून, टप्प्याटप्प्याने कामं झाली.

झाड वाचवणं म्हणजे ते न तोडणं, असा समज आहे. झाड उभं ठेवूनही मारता येतं. बुंध्यापर्यंत फरशी किंवा सिमेंट आणलं की पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. बांधकामाचे ट्रक वरून गेले की माती इतकी दबते की तिच्यातल्या पोकळ्याच संपतात. अन्नपाणी घेणारी बारीक मुळं वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बाहेरही जातात. ती तुटली की झाड लगेच वाळत नाही, काही वर्षांनी शेंडा वाळायला लागतो आणि पुढे एका पावसाळ्यात कोसळतं. तोवर खोदकाम कुणाच्या लक्षातही नसतं. म्हणून जाल तेव्हा बुंध्याशी बघायची सवय लावा. सिमेंट दिसलं तर लेखी कळवा. मी कळवतो. कधी कधी ऐकतातही.

---

दूरदेशी

इथे टोरंटोला मोठमोठ्या बागा आहेत, राखलेल्या, सुंदर. पण तिथे मला कुणी ओळखत नाही असं वाटत राहतं. राणीबागेत ताम्हण फुलला असेल का, हा विचार मे महिन्यात दरवर्षी येतो. कुणी गेलं तर फोटो टाका प्लीज. लालबागकर, तुमचा प्रतिसाद बाबांना फोनवर वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग आपल्या खात्यातल्या मित्रांची नावं घ्यायला लागले.

---

वाटसरू

दोन वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका आला. फिजिओथेरपीच्या ताईंनी सांगितलं, घरात चालवू नका, बाहेर न्या, बघायला काहीतरी असलं की माणूस आपोआप चालतो. सकाळी फिरणाऱ्यांच्या वेळेला तिला राणीबागेत न्यायला लागलो. पहिल्या दिवशी एका बाकापर्यंत. मग पुढचं झाड. तिनेच ठरवलं की आज त्या झाडापर्यंत. नावं माहीत नव्हती, मग तिनेच ठेवली. एक "जाड्या" होता, तो गोरखचिंच निघाला. एक "केसवाला" म्हणजे वड.

तिथे रोज येणारे लोक तिला ओळखायला लागले. "काय आजी, आज कुठवर?" असं विचारायचे. एक गृहस्थ तर आम्ही दोन दिवस दिसलो नाही म्हणून काळजीने चौकशी करत होते. आई आता काठी घेऊन एकटी चालते. डॉक्टरांचं, थेरपीचं श्रेय आहेच. पण तिला विचाराल तर ती जाड्याचं नाव घेते.

---

लालबागकर

वाटसरू, आईंना नमस्कार सांगा.

तिकिटाबद्दल एक बोलायचंय. २०१७ मध्ये मोठ्यांचं तिकीट पाच रुपयांवरून पन्नास झालं. आई-वडील आणि दोन मुलं मिळून शंभर. देखभालीला पैसा लागतो हे समजतं. पण आमच्या घरासारखी नऊ माणसं आज आली तर? प्राण्यांसाठी तिकीट ठेवा, झाडांच्या भागात माणसाला तसंच बसू द्या, असं माझं म्हणणं आहे. चाळी गेल्या, टॉवर आले, तरी एका खोलीत राहणारी माणसं या भागातून संपलेली नाहीत.

---

सावलीवेडी

लालबागकर, शंभर टक्के अनुमोदन.

---

काजळी

सगळा धागा एका बैठकीत वाचला. या फेब्रुवारीत एक दिवस मोकळा आहे. बरोबर भाची, सात वर्षांची. फक्त झाडं बघायची ठरवली तर काय काय बघू? आणि ती कंटाळणार नाही असं काही?

---

सावलीवेडी

काजळी, फेब्रुवारी म्हणजे उत्तम महिना निवडलास. बुधवारी बंद असते तेवढं लक्षात ठेव. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. भायखळा स्टेशनला पूर्वेला उतर, चालत दहा-पंधरा मिनिटं. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला महापालिकेचं फुलांचं प्रदर्शन इथेच भरतं. ते गाठायचं असेल तर तारीख बघून घे, पण त्या दिवसांत गर्दी फार असते. मी तरी ते संपल्यावर जायला सांगेन.

आधी दगडी हत्तीचे सांधे दाखव, मुलांना शोधायला आवडतात. मग कैलासपतीखाली पडलेलं फूल उचलून तिच्या हातात दे आणि नाग शोधायला सांग. कृष्णवडाचं पान खाली पडलेलं मिळालं तर त्या द्रोणात पाणी घालून बघू दे, लोण्याची गोष्ट तिथेच सांग. सीता-अशोक आणि उर्वशी बहुधा फुललेले असतील. तिला विचार, मेलेली वाटणारी पानं कुठल्या झाडावर आहेत? सापडली की हात लावू दे. आणि एखाद्या उंच झाडाखाली दोघी गप्प उभ्या राहा, तांबट पक्ष्याचा टुक टुक आवाज ऐकू येतो का बघा. पक्षी हिरवा असल्यामुळे पानांत पटकन दिसत नाही, आवाजाच्या दिशेने वाळक्या फांद्यांवर शोधायचा.

माळीकाका दिसले तर झाडाचं नाव त्यांना विचार. पाट्या सगळ्या झाडांना नाहीत, आणि ते फार हौसेने सांगतात.